कोपऱ्यावरच्या गाड्यावरचं गाजर: घरी एस्काबेचे करण्याच्या नोंदी, ग्वादालाहारा, मेक्सिको

5 ऑक्टोबर 2024, शनिवार

आज ठरवलं एकदाचं. आमच्या कोपऱ्यावरचा टॅकोचा गाडा महिना झाला लागतच नाहीये, गाडेवाले काका मुलीकडे राहायला गेले असं शेजारच्या दुकानात कळलं, परत कधी येणार कुणालाच माहीत नाही. आता टॅको काय, ग्वादालाहारात पावलोपावली मिळतात, पण त्यांच्या गाड्यावर एक मोठी बादली असायची, तिच्यात व्हिनेगरमध्ये मुरलेलं गाजर, हालापेन्यो मिरच्या, कांदा, कधीतरी फ्लॉवर, आणि चिमट्यानं हवं तेवढं घ्यायचं. मी टॅको दोन घ्यायचो आणि गाजराचे तुकडे दहा-बारा. बायको म्हणायची तू गाजर खायला जातोस आणि तोंडी लावायला टॅको घेतोस, आणि ते खरंच होतं.

ह्या प्रकाराला इथे एस्काबेचे म्हणतात, बोलताना नुसतं चिलेस एन बिनाग्रे, म्हणजे व्हिनेगरमधल्या मिरच्या. दुकानात डब्यातलं मिळतं, पण डबाबंद करताना उष्णता द्यावीच लागते त्यामुळे गाजर मऊ पडतं. मला गाड्यावरचंच पाहिजे.

म्हणून आधी लिहून ठेवतो की नक्की काय पाहिजे, नाहीतर चार प्रयोगांनंतर कशाला चांगलं म्हणायचं तेच विसरायला होतं. दाताखाली कट्ट आवाज आला पाहिजे. आधी आंबट लागलं पाहिजे, आणि मग तीन-चार सेकंदांनी तिखट, आणि ते तिखट वरच्या खाराचं नाही, गाजराच्या आतून आलेलं. आणि शेवटी नाकात एक ओव्यासारखा वास. तो कशाचा ते मला आज तरी माहीत नाही.

6 ऑक्टोबर, रविवार

सकाळी तियांगिसला, म्हणजे आमच्या भागातल्या आठवडी बाजाराला. गाजर अर्धा किलो, हालापेन्यो पाव किलो, पांढरे कांदे दोन, लसणाचा एक गड्डा. मिरचीवाल्या बाईंनी विचारलं, गुळगुळीत पाहिजेत का रायादो? रायादो म्हणजे अंगावर बारीक पांढऱ्या उभ्या रेघा असलेली मिरची. आपल्याकडे अशी मिरची आपण खराब म्हणून बाजूला सारू, पण इथे लोक ती निवडून घेतात. आतला गर भराभर वाढतो आणि साल तेवढी ताणत नाही, ती चिरते आणि त्या चिरा भरून येतात, त्याच त्या रेघा. अशी मिरची जास्त पक्व आणि बहुतेक वेळा जास्त तिखट असते. रायादोच घेतल्या.

पहिला प्रयोग सरळसोट केला. सगळं चिरून पातेल्यात, वरून अर्धं व्हिनेगर अर्धं पाणी, मीठ, तमालपत्र, मिरे, आणि दहा मिनिटं उकळलं. गार झाल्यावर बरणीत.

चिरताना हातमोजे घातले नाहीत आणि तासाभराने बोटं अशी पेटली की झोप येईना. साबणाने काही होत नाही कारण तिखटपणा देणारं कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, तेलात विरघळतं. आधी तेल चोळून मग साबण लावला तेव्हा उतरलं. (हे वाक्य पुढे कामाला येणार आहे, तेव्हा मला कळलं नव्हतं.)

8 ऑक्टोबर, मंगळवार

पहिली बरणी उघडली. गाजर उकडलेल्या बटाट्यासारखं मऊ. आंबट बऱ्यापैकी, तिखट फक्त मिरचीतच, गाजर आपलं गोडच. वास तमालपत्राचा, म्हणजे पुलावाचा, कारण भारतातून आणलेलं आपलं तमालपत्र टाकलं होतं. ते दालचिनीच्या जवळच्या नात्यातलं झाड, इथलं लाउरेल वेगळं. चुकलंच.

ग्वादालाहारा साधारण 1,550 मीटर उंचीवर आहे, पाणी 100 नाही तर 95 अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे मला वाटलं होतं की दहा मिनिटं चालून जातील. नाही चालली. टाकून नाही दिलं, वरणात घालून संपवलं.

12 ऑक्टोबर, शनिवार, दसरा

आज इथेही मोठा दिवस. रोमेरिया असते, सापोपानच्या देवीची मूर्ती ग्वादालाहाराच्या कॅथेड्रलमधून परत तिच्या मंदिरात सापोपानला नेतात, पहाटेपासून लाखो लोक चालत असतात, रस्त्यावर नाचणाऱ्यांची पथकं, त्यांच्या पायातल्या खुळखुळ्यांचा आवाज दूरपर्यंत. युनेस्कोच्या यादीत 2018 मध्ये आली ही यात्रा. आम्ही घरी झेंडूचं तोरण लावलं, झेंडू तर मूळचा इथलाच, मग पहाटे पाच वाजता बाहेर पडलो आणि गर्दीतून चालत राहिलो, मला वारीचीच आठवण येत होती.

दुपारी घरी येऊन दुसरा प्रयोग. ह्या वेळी उलटं, भाजी कच्चीच बरणीत भरली आणि वरून उकळतं व्हिनेगर ओतलं. गाजर तिरकं कापलं, अर्धा सेंटीमीटर जाड. लसूण अख्ख्या पाकळ्या, कच्च्याच.

14 ऑक्टोबर, सोमवार

लसूण निळा पडला! निळा म्हणजे हिरवट निळा, मोरपिशी म्हणता येईल असा. बायकोने बरणी हातात घेऊन खिडकीपाशी नेली आणि म्हणाली हे फेकून दे. मी वाचून काढलं, घाबरण्यासारखं नाहीये. लसणातले गंधकाचे पदार्थ, आम्ल आणि लसणातलीच अमिनो आम्लं ह्यांच्या क्रियेतून तो रंग तयार होतो, कच्चा लसूण असेल आणि त्यातून शीतगृहात राहिलेला असेल तर जास्तच. चीनच्या उत्तरेला तर लाबा नावाचा लसूण व्हिनेगरमध्ये घालून मुद्दाम हिरवा करतात. लसूण आधी तेलात नीट परतला की ही क्रिया घडवणारं एन्झाइमच मरतं आणि रंग येत नाही.

गाजर मात्र करकरीत. दोन दिवसांत आतपर्यंत आंबट गेलं नाही, मधोमध कच्चं लागतं, पण आवाज आला. चारपैकी एक गोष्ट जमली.

17 ऑक्टोबर, गुरुवार

आईला फोन. तिकडे सकाळचे साडेनऊ, इकडे आदल्या दिवशीचे रात्रीचे दहा, साडेअकरा तासांचा फरक सांभाळून बोलायचं म्हणजे एकाने तरी जांभया द्यायच्या. दुसऱ्या बरणीचं सांगितलं, पाच दिवस झाले तरी गाजराला तिखट लागत नाही, मिरची शेजारीच आहे, एकाच खारात बुडालेत दोघं, तरी नाही.

आई म्हणाली, "अरे पण तेल कुठाय त्यात? पाण्यात तिखट कसं फिरेल? आपल्या लोणच्यात मोहरीची डाळ, मेथी, हिंग सगळं तेलाच्या फोडणीत जातं म्हणून तर फोडीला लागतं. तुझं ते नुसतं भिजत घातलंय."

मी फोन ठेवून किती तरी वेळ ओट्यापाशी उभा. बोटं पेटली होती तेव्हा मी स्वतःच लिहिलंय वरती, पाण्यात विरघळत नाही तेलात विरघळतं, आणि तेच बरणीला लावायचं सुचलं नाही.

19 ऑक्टोबर, शनिवार

आजची नोंद मोठी होणार.

खालच्या मजल्यावरच्या सेन्योरा, सत्तरीच्या असतील, मूळच्या बेराक्रूस राज्यातल्या. ते राज्य म्हणजे ह्या मिरचीचं माहेर, त्याची राजधानी हालापा, त्यावरून हालापेन्यो, म्हणजे हालापाची. मेक्सिको सिटीकडे ह्याच मिरचीला कुआरेस्मेन्यो म्हणतात. पिकून लाल झालेली हीच मिरची धुरावर वाळवली की तिचं चिपोत्ले होतं, नावाचा अर्थच इथल्या नाउआत्ल भाषेत धुरातली मिरची. आणि जात बघितली तर आपली ब्याडगी, लवंगी, संकेश्वरी सगळ्या हिच्याच जातीतल्या, कॅप्सिकम अ‍ॅन्युम, पोर्तुगीज जहाजांतून आपल्याकडे पोचली त्याला पाचशे वर्षं होतील. सेन्योरांना हे सांगितलं तेव्हा त्या थांबल्या, त्यांना वाटायचं मिरची भारतातून आली, आमचं जेवण इतकं तिखट म्हणून.

त्यांच्याकडे जिन्यात सहज विषय काढला आणि त्या म्हणाल्या चल, वर तुझ्याच स्वयंपाकघरात करू. सोबत त्यांच्या बागेतला नाही पण त्यांच्या गावचा ओरेगानो घेऊन आल्या, पुडीत बांधलेला. मी पुडी उघडून वास घेतला आणि तिथेच कळलं, गाड्यावरचा तो ओव्याचा वास हाच. मेक्सिकोचा ओरेगानो आणि पिझ्झावरचा ओरेगानो ह्यांची कुळंसुद्धा वेगळी, पिझ्झावरचा पुदिन्याच्या कुळातला, हा घाणेरीच्या कुळातला. ह्याच्यात थायमॉल आणि कार्व्हाक्रोल असतं, आणि आपल्या ओव्याचा वास थायमॉलचाच, म्हणून तो ओळखीचा वाटत होता. मी डब्यातला ओवा त्यांच्या तळहातावर ठेवला, त्यांनी चोळून हुंगला आणि म्हणाल्या हा तर ओरेगानोचा भाऊ.

आता कृती, त्यांनी केली तशी. जाड बुडाच्या पातेल्यात तेल, आणि चांगलं घसघशीत, मला वाटलं त्याच्या तिप्पट. मध्यम आचेवर आधी लसूण, अख्ख्या पाकळ्या, कडा सोनेरी होईपर्यंत. मग मिरच्या अख्ख्याच, पण टोकाला सुरीने अधिक चिन्हासारखी चीर दिलेल्या, ती चीर नसेल तर एक तर मिरची तेलात फुटते आणि दुसरं म्हणजे व्हिनेगर आत जात नाही. मिरचीच्या सालीवर फोड आले आणि हिरवा रंग उतरून शेवाळी झाला की गाजर. गाजर तीन मिनिटं. मग कांद्याच्या जाड फोडी, एक मिनिट. मग मिरे, लवंग, चिमूटभर जिरं, लाउरेल, आणि पिमिएन्ता गोर्दा, म्हणजे ऑलस्पाइस, हे पण मूळ ह्याच भागातलं झाड, एका दाण्यात लवंग-दालचिनी-जायफळ तिन्हीचा वास. आणि मग व्हिनेगर.

व्हिनेगर तेलात पडलं आणि असा ठसका लागला की आम्ही तिघंही खिडकीकडे पळालो, सेन्योरा खोकत खोकत हसत होत्या आणि म्हणत होत्या, हा ठसका आला नाही तर समजायचं मिरची भाजलीच नाही.

तर ही फोडणीच आहे. क्रम तोच, आधी तेल, तेलात तिखट आणि मसाला, मग मुख्य जिन्नस, मग ओलं. फरक इतकाच की आपण शेवटी फोडणी ओततो आणि इथे फोडणीवर आंबट ओततात. एस्काबेचे हा शब्द स्पॅनिशमध्ये अरबीतून आला, अरबीत फारसीतून, सिकबाज म्हणजे व्हिनेगर घालून केलेलं मटण. आणि आपण व्हिनेगरला शिरका म्हणतो तो शब्दही फारसीच. बायकोचं आजोळ मडगावचं, तिच्या आजीकडे माडाच्या ताडीचा शिरका असायचा, ती म्हणाली मला हा वास घरचा वाटतोय, बलशांवाचा, म्हणजे गोव्याकडच्या शिरका घातलेल्या लोणच्यासारख्या प्रकाराचा.

सेन्योरा व्हिनेगर अननसाचं घेऊन आल्या होत्या, घरीच केलेलं. अननसाच्या साली आणि पिलोन्सियो, म्हणजे आपला गूळच, पाण्यात घालून ठेवायचा, दोन-तीन दिवसांत त्याचं तेपाचे होतं, ते प्यायचं, आणि न पिता तसंच ठेवलं तर पुढे व्हिनेगर. चव फार सुंदर, पण आंबटपणा किती ते कुणी मोजलेलं नसतं. मी इथे अडलो. तेल आणि लसूण बंद बरणीत असले की बोट्युलिझमच्या जंतूंची भीती असते, हवा नसलेल्या जागी ते वाढतात आणि त्यांना रोखतं ते आम्ल, पीएच (आम्लतेचं माप, जितकं कमी तितकं आंबट) 4.6 च्या खाली पाहिजे. म्हणून मी म्हटलं मुख्य व्हिनेगर बाटलीतलं, उसाचं, 5 टक्के लिहिलेलं, आणि तुमचं चवीपुरतं पाव कप. त्यांनी थोडं नाक मुरडलं, मग म्हणाल्या तुझी बरणी, तुझं पोट.

22 ऑक्टोबर, मंगळवार

तीन दिवस झाले, तिसरी बरणी. तिखट आलं! गाजरात आलं, तीन सेकंदांनी, घशाच्या वरच्या बाजूला. मे एन्चिले म्हणतात इथे, म्हणजे मला मिरची चढली, एका शब्दाच्या क्रियापदात. आपल्याकडे झोंबलं म्हणतो तसंच पण मिरचीचं नावच क्रियापदात.

वास पण बरोबर. लसूण पांढराच राहिला.

पण गाजर थोडं मऊ. पहिल्या बरणीइतकं नाही, पण कट्ट नाही, नुसतं कच्. म्हणजे चारपैकी तीन.

24 ऑक्टोबर, गुरुवार

ऑफिसात डबा नेला, एका सहकाऱ्याने सुचवलं, चुना वापर. इथे मक्याला चुना लावतात, निश्तामाल, त्याशिवाय तोर्तिया, म्हणजे इथली मक्याची पोळीच होत नाही, आणि आता मृतांच्या सणाला गुळात भोपळा शिजवतात तो आधी चुन्याच्या पाण्यात ठेवतात म्हणजे फोडी वरून घट्ट राहतात. अगदी आपल्या कोहळ्याच्या पेठ्यासारखं. मोह झाला. पण चुना अल्कली, आणि इथे सगळी मदार आम्लावर, नीट धुतला गेला नाही तर व्हिनेगरचीच ताकद मारणार. नाही करायचं. भोपळ्याला ठीक आहे, तो गुळाच्या पाकात टिकतो.

संध्याकाळी विचार करत बसलो की मऊ कधी पडलं. पातेल्यात गाजर एकूण पाचच मिनिटं होतं. पण मग गॅस बंद करून झाकण ठेवलं आणि गप्पा मारत बसलो, तासभर ते गरम व्हिनेगरातच होतं. शिजणं गॅस बंद केला म्हणून थांबत नाही ना, विशेषतः जाड बुडाच्या पातेल्यात.

27 ऑक्टोबर, रविवार

चौथा प्रयोग. ह्याची मापं नीट लिहितोय.

गाजर 600 ग्रॅम, हालापेन्यो रायादो 350 ग्रॅम, पांढरे कांदे दोन मध्यम, लसूण एक गड्डा, तेल 80 मिली, उसाचं व्हिनेगर 450 मिली आणि सेन्योरांचं अननसाचं 50, पाणी 250, मीठ 25 ग्रॅम, पिलोन्सियो किसून 15 ग्रॅम. मिरे दहा, लवंगा तीन, गोर्दाचे तीन दाणे, जिरं दोन चिमटी, लाउरेलची तीन पानं. ओरेगानो एक चमचा, हा गॅस बंद केल्यावर तळहातात चोळून, आधी टाकला तर वास उडून जातो.

क्रम सेन्योरांचाच. बदल दोन. गाजर तीनऐवजी दोन मिनिटं परतलं. आणि व्हिनेगरला उकळी आली की एक मिनिटाने सगळंच्या सगळं मोठ्या स्टीलच्या परातीत ओतलं, पसरून, पंख्याखाली. वीस मिनिटांत कोमट. परात स्टीलचीच पाहिजे, पितळ किंवा अ‍ॅल्युमिनियम व्हिनेगरला चालत नाही. फ्लॉवरचे तुरे परातीत आल्यावर कच्चेच मिसळले, त्यांना तेवढी धग पुरते. थोडी हिकामा पण घातली, इथला पांढरा पाणीदार कंद, आपल्याकडे बंगालच्या बाजूला शंखाळू म्हणून मिळतो तोच.

बरण्या उकळत्या पाण्यातून काढलेल्या, तीन भरल्या. भाजी खाराच्या खाली दाबून, वर एकही तुकडा डोकावता कामा नये. आणि फ्रिजमध्येच, बाहेर नाही. आपलं कैरीचं लोणचं वर्षभर फडताळात राहतं कारण त्यात मीठ प्रचंड असतं आणि तेल वर उभं असतं, ह्यात मीठ कमी, ते गणित इथे लागू नाही.

30 ऑक्टोबर, बुधवार

पीएचच्या पट्ट्या मागवल्या होत्या त्या आल्या. खारात बुडवली, रंग 3.5 च्या चौकोनाशी जुळला. मग गाजराचा एक तुकडा खलात ठेचून त्याच्यावर पण लावली, तिथेही चारच्या खालीच. हे मोजायला पाहिजेच होतं, खार आंबट असला तरी तुकड्याच्या आत पोचला की नाही ते महत्त्वाचं.

एकच तुकडा खाल्ला, दिवाळीच्या आधी बरणी संपवायची नाही असं आम्ही दोघांनी ठरवलंय.

आवाज आला. कट्ट.

2 नोव्हेंबर, शनिवार, पाडवा

इथे आज मृतांचा दिवस, घरोघरी ओफ्रेंदा मांडलेल्या, झेंडूची फुलं, मेणबत्त्या, फोटो, आणि गेलेल्या माणसाला आवडायचं ते जेवण. आमच्या दारात पणत्या आणि खालच्या दारात झेंडू. सकाळी सेन्योरा वर आल्या, चकली-चिवड्याचं ताट घेतलं आणि मग म्हणाल्या, तुझ्या चौथ्या बरणीतलं थोडं दे. त्यांच्या यजमानांना जेवताना शेजारी मिरची लागायचीच, ती नसेल तर ते ताटावर बसायचे नाहीत. मी छोट्या वाटीत दोन मिरच्या आणि पाच-सहा गाजरं काढून दिली. त्यांनी त्यातलं एक गाजर उचलून खाल्लं, डोळे मिटून चावलं, आणि म्हणाल्या लवंग एक जास्त झालीय, बाकी ठीक. मग वाटी फोटोसमोर ठेवली, मोलेच्या, म्हणजे मिरच्यांच्या घट्ट रश्श्याच्या ताटाशेजारी.

3 नोव्हेंबर, रविवार, भाऊबीज

इथली तीन मराठी कुटुंबं जेवायला होती. पुरी-भाजीबरोबर एक बरणी मधे ठेवली ती अर्ध्या तासात रिकामी, लहान मुलांनी हिकामा वेचून खाल्ली, मोठ्यांनी गाजर. मिरच्या शेवटपर्यंत राहिल्या, त्या एका काकांनी उरलेल्या खारासकट वरणभातावर घेतल्या.

पुढच्या खेपेला लवंगा दोन. फ्लॉवर थोडा जास्त, त्याला तिखट गाजरापेक्षाही चांगलं लागलंय, तुऱ्यांमध्ये तेल अडकून बसतं म्हणून असेल. हिकामाला फक्त आंबट लागलं, तिखट नाही, तिला तेल धरत नाही, तिच्यासाठी लिंबू आणि तिखटच बरं.

चौथ्या प्रयोगातली तिसरी बरणी अजून बंद आहे. ती 10 तारखेला उघडायची, दोन आठवडे पूर्ण झाल्यावर, मुरल्यावर गाजराचा आवाज टिकतो का ते बघायचंय.